अक्का, बारावं नाव राहिलं होतं

अक्का, बुधवारी ट्रस्टच्या ऑफिसातून फोन आला. "मॅडम, पुढच्या वर्षाच्या मुलांची यादी अजून आली नाही." आणि मी शहाणी काय म्हणाले असेन? "अक्कांना विचारून कळवते." तिकडचा तो पोरगा हळूच म्हणाला, "मॅडम..." तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. तुला जाऊन अठरा दिवस झाले होते. तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं, तुझ्या फोटोला हार मीच घातला, तो वाकडा लागला म्हणून सुतळीनं बांधलाही मीच. आणि तरी फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन दोन कप कापी केली. दुसरा कप पिऊन टाकला. फुकट कशाला घालवायचा.

आधीच सांगून टाकते, मला तुझा राग आलेला आहे. गेलीस त्याचा नाही, त्याला तूही काय करणार. दुसऱ्याच गोष्टीचा आहे. ती मला परवा कळली आणि तुझ्याशी भांडायला तू जागेवर नाहीस. म्हणून लिहितेय. तेही देवनागरीत. तुला ही अक्षरं धड वाचता यायची नाहीत. तू आपली मराठी तमिळ अक्षरांत लिहायचीस आणि मला पुण्याहून आलेली पत्रं वाचून दाखवायला लावायचीस. "काय सरू, पुण्याचीं मोठीं माणसें तुम्ही, अक्षरसुद्धां वरच्या रेघेला टांगलेलें." तर आता ऐक. लिहून झालं की मोठ्यानं वाचणार आहे.

नवरा गेल्यावर मी तीस वर्षांचं पुणं गुंडाळून तंजावरला परत आले तेव्हा मला वाटलं होतं, आता सकाळी देवळात जायचं, संध्याकाळी कट्ट्यावर बसायचं आणि लोकांच्या सुनांना नावं ठेवायची. तू मला तीन आठवडे दिलेस. चौथ्या आठवड्यात ओरत्तनाडूच्या बसमध्ये कोंबलंस आणि तुझ्या जुन्या शाळेच्या फाटकापुढे उभं केलंस. चुलत बहीण, सहा वर्षांनी मोठी, त्यात जन्मभर गणिताची टीचर. तुला नाही म्हणायची माझी काय बिशाद. "साडेचारला घंटा होते," तू म्हणालीस. "ती निळ्या रिबिनीची मुलगी बाहेर येईल. तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत चालायचें. बस्स."

"आणि बोलायचं काय?"

"कांहीं नाहीं. ती बोलली तर ऐकायचें."

एवढीच तुझी सगळी योजना. नववी-दहावीची जी पोरं शाळा सोडायच्या काठावर उभी आहेत, म्हणजे ज्यांच्या घरी तिरुप्पूरच्या कपड्याच्या कंपन्यांचे एजंट येऊन बसतात, ज्यांची लग्नं ठरवायला मावश्या टपलेल्या आहेत, ज्यांचा बाप सकाळी कुठे असतो ते कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्यापैकी प्रत्येकाला एक मोठं माणूस. निवृत्त नर्स, विजेच्या खांबावर चढून गुडघे गेलेला लाइनमन, पोस्टमन, तू, आणि आता मी. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, तोच दिवस, कधी चुकवायचा नाही. शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत, कालव्याच्या काठानं, बाजूबाजूनं चालायचं. समोरासमोर बसवलं की पोर जमिनीकडे बघतं, असं तुझं म्हणणं. बाजूनं चालताना ते तोंड उघडतं. तू त्याला 'सोबत' म्हणायचीस. फॉर्मवर मी मेंटॉरशिप लिहायचे.

पहिल्याच दिवशी मी त्या निळ्या रिबिनीच्या मुलीला बचतीचं महत्त्व सांगायला लागले. बँकेत जन्म गेला, दुसरं काय येतंय मला. ती जी भराभर चालायला लागली, की शेवटी मी धापा टाकत मागे आणि ती घरात शिरून दार लावून मोकळी. तू बसस्टॉपवर पोट धरून हसलीस. "पळवून लावलीस कीं गे तिला!" पुढचे चार आठवडे मी तोंड शिवून चालले. पाचव्या आठवड्यात ती आपणहून म्हणाली की तिला फळ्यावरचं दिसतच नाही, म्हणून गणित येत नाही, आणि घरी सांगितलं तर चष्मा लागलेल्या मुलीचं लग्न कसं व्हायचं म्हणून आई रडेल. एवढं साधं! दोन वर्षं ती पोर मठ्ठ म्हणून मार खात होती. त्या दिवशी घरी येताना मी बसमध्ये तुझ्याशी भांडले नाही, हे तुझ्याही लक्षात आलं होतं.

चष्म्याला पैसे लागतात. सोबत्यांच्या बसभाड्याला लागतात, पोरांच्या संध्याकाळच्या हरभऱ्याच्या सुंडलला लागतात, परीक्षेच्या फीला लागतात, आणि एखादं पोर कामावर जायचं थांबलं की घरातला तेवढा घास कमी होतो, त्यालाही लागतात. दोन वर्षं तू स्वतःच्या पेन्शनीतून भागवलंस. मग मी चेन्नईच्या त्या ट्रस्टला अर्ज केला. एक तरुण अधिकारी तपासणीला आला, चकचकीत बूट, हातात टॅब. "तुमचं सेंटर कुठे आहे?" त्याला बोर्ड हवा होता, खोली हवी होती, फोटोला मुलांची रांग हवी होती. तू म्हणालीस, "सेंटर दाखवतें, चला." आणि त्या बिचाऱ्याला भर उन्हात कालव्याच्या काठानं तीन किलोमीटर चालवलंस! बरोबर लाइनमन आणि त्याचा विद्यार्थी पुढे, तू आणि अधिकारी मागे. बुटात त्याच्या पायाला हे एवढे फोड आले. एका वळणावर थांबून त्यानं बूट काढले आणि तो मुलगा त्याला म्हणाला, "सार, गवतावरून चाला, तिथं थंड असतं." बूट हातात घेऊन आला परत. महिन्याभरात मंजुरीचं पत्र आलं. त्या दिवशी तू माझ्यासाठी स्वतः उडदाच्या पिठाचं डांगर केलंस आणि मी न मागता दुसऱ्यांदा वाढलंस. तुझ्याकडून एवढं कौतुक म्हणजे डोक्यावरून पाणी.

पण आपलं एक भांडण मिटलं नाही ते नाहीच. मी म्हणायचे, पैसा थोडा आहे, तो जिथे रुजेल तिथे घालावा. जे पोर टिकणारच नाही त्याच्यावर एक सोबती अडकवून ठेवला, तर टिकणारं दुसरं पोर हातचं जातं. याला मी हिशेबी शहाणपण म्हणायचे. तू म्हणायचीस, "तू कर्जें वाटत होतीस, सरू. आपण कर्ज वाटत नाहीं." मी म्हणायचे, भावनेच्या भरात संस्था चालत नाहीत. तू म्हणायचीस, मग संस्था नको, चालूं द्या नुसतें. असं आपण बसमध्ये, स्टॉपवर, तुझ्या घरी, माझ्या घरी, इतक्यांदा भांडलो की कंडक्टरला पाठ झालं असेल. त्याला मराठी येत नव्हती म्हणून बरं.

इथंच तर सगळं चुकलं.

आपल्याला लहानपणापासून सवयच लागलेली. साडीच्या दुकानात आई दुकानदारासमोर आपल्याशी मराठीत बोलायची, "निम्म्यानें सांग, मग तो खालीं येईल," आणि तो बिचारा हसून मान हलवायचा. पाहुण्यासमोर मराठी, डॉक्टरसमोर मराठी. घराबाहेर ती आपली कुलूप लावलेली पेटी होती. पुण्यात मला ती सवय मोडायला वर्ष लागलं. भाजीवालीला उद्देशून मनातलं मोठ्यानं बोलून मी एकदा चांगल्याच शिव्या खाल्ल्या होत्या. तंजावरला परत आल्यावर आठ दिवसांत सवय परत आली.

तर मग तो गुरुवार. ट्रस्टचं पत्र आलं होतं: पुढच्या वर्षी बारा मुलांऐवजी आठच मुलांचा खर्च देता येईल, आणि ती आठ अशी निवडा की बोर्डाला निकाल दाखवता यावा. आपण दोघी शाळेसमोरच्या स्टॉपच्या बाकावर बसलो होतो. पवित्रा तुझी छत्री धरून शेजारी उभी, कारण गुरुवार तुझा आणि तिचा चालायचा दिवस. दहावीची, उंच, सावळी, हाताच्या बोटांना सुईची टोचणी. बापाचं शिवणाचं दुकान बंद पडलेलं, ती घरी ब्लाउजांना हुक लावायची. सात महिने तुझ्याबरोबर चालत होती आणि माझ्याशी तिनं एक शब्दही काढला नव्हता. मी पत्र वाचलं आणि तुला मराठीत म्हणाले, "ही पहिली काढून टाक. ही काही टिकत नाही. परीक्षा झाली की तिरुप्पूरची गाडी येणार आणि ही जाणार. हिच्यावर जागा वाया घालवू नकोस."

तिच्याकडे बघून म्हणाले. बोटसुद्धा दाखवलं असेन.

तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, चला, एकदाचं पटलं हिला. मला तर जरा विजयी वाटलं. नंतर तू उठलीस, पवित्रानं छत्री तुझ्या हातात दिली आणि तमिळमध्ये म्हणाली की आज तिला लवकर घरी जायचं आहे, ती एकटीच जाईल. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

तू तिच्या घरी गेलीस आणि संध्याकाळी माझ्याकडे आलीस. चप्पलसुद्धा न काढता दारातच उभी राहिलीस. मी म्हटलं, काय झालं, बस तरी. तू म्हणालीस, "मी त्यांच्या दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर बसलें, तर आंतून म्हातारी आली. मला म्हणाली, 'या, बसा. जेवण झालें कीं?'"

म्हणजे त्यांच्या घरात मराठी! शाळेच्या हजेरीत ती जी. पवित्रा. या मुलखात आडनावं कोण लावतं? बापाच्या नावाचं एक अक्षर पुढे आणि संपलं. महाराष्ट्रात असतो तर हजेरीचं पान बघून दोन मिनिटांत कळलं असतं. इथे सात महिने ती आपल्या शेजारी उभी राहून आपलं सगळं ऐकत होती, माझी जीभ, तुझे उसासे, इतर पोरांच्या घरच्या भानगडी, सगळं. घरी आजी मराठी बोलते, ती तमिळमध्ये उत्तर देते. बोलत नाही, पण समजतं सगळं.

"तुला कसं कळलं नाही?" मी तुझ्यावरच उखडले. "तू दर आठवड्याला चालत होतीस तिच्याबरोबर!"

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालीस, "सरू, तू जाऊन तिला सांग."

"जाते," मी म्हटलं.

गेले नाही. पहिल्या आठवड्यात गुडघा दुखत होता. दुसऱ्या आठवड्यात खरंच दुखत होता. मग म्हटलं, आता एवढे दिवस गेले, आता जाऊन काय तोंड दाखवू? मग म्हटलं, मी जे बोलले ते खोटं थोडंच होतं, आता शाळा सोडलीच ना तिनं! म्हणजे बघ अक्का, माझ्याच तोंडानं पोर घालवली आणि वर माझंच खरं ठरलं म्हणून समाधान मानत होते. मी त्या दिवसांत घरातल्या मोठ्या वहीत मुलांची नावं आणि फोन नंबर नीट लिहून काढले, आणि बाराव्या नावावर सरळ रेघ मारली.

तू मात्र गुरुवार चुकवला नाहीस. पोर शाळेत नाही, चालायला कुणी नाही, तरी तू बसनं जायचीस, तिच्या तिण्णैवर बसायचीस आणि परत यायचीस. मला वाटायचं, माझी घाण निस्तरायला जातेय बाई. त्यानं मला अजूनच ओशाळं वाटायचं आणि ओशाळं वाटलं की मी तुझ्याशी तुसड्यासारखं बोलायचे. शेवटच्या सहा आठवड्यांत आपण नीट बोललोच नाही. कामाचं तेवढं. "सुंडलवालीला सांगितलंस?" "सांगितलें." एवढंच. त्या शनिवारी सकाळी शेजारणीचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? मेली गेली, आणि मला बोलूही दिलं नाही. हे मी दवाखान्याच्या पायरीवर मोठ्यानं म्हटलं. तमिळमध्ये म्हटलं असतं तर लोकांनी कानावर हात ठेवले असते.

दुपारी वहीतले नंबर काढून मी एकेका मुलाला फोन केले. अकरा फोन. अकराही जण आले. निळ्या रिबिनीवाली आता कॉलेजात आहे, तिलाही कुणीतरी कळवलं होतं, ती चष्मा पुसत पुसत रडत होती. लाइनमन तुझ्या पायाशी बसून राहिला होता, त्याला उठता येईना, दोघांनी धरून उठवलं. पवित्रा आली नाही. तेराव्यालाही आली नाही. मला इतका संताप आला तिचा! म्हटलं, बाई मरेपर्यंत हिच्या दारात जाऊन बसली आणि हिला एकदा येववलं नाही?

तर आता बुधवार. तो फोन झाल्यावर, दोन कप कापी झाल्यावर, मी यादी करायला बसले. तो पोरगा शेवटी चांगुलपणानं म्हणाला होता, "मॅडम, अक्कांचं नाव योजनेला देऊ, बोर्डाची तयारी आहे. तेवढी आठ नावं पाठवा." तुझं नाव आणि आठ मुलं! मी वही उघडली. अकरा नावं आणि एक रेघ. मला त्यातली आणखी तीन खोडायची होती. कुणी सात महिने आपल्याबरोबर चाललेलं, कुणी दोन वर्षं. पेन हातात धरून बसले आणि एकाही नावावर तो टेकेना. बँकेत मी शेकड्यांनी अर्ज परत पाठवले असतील, कधी असं झालं नाही. शेवटी ती मारलेली रेघच माझ्याकडे बघत बसली आणि मी वही मिटून टाकली.

गुरुवारी सकाळी गेले. एकदाची.

म्हातारी तिण्णैवर होती. "या," म्हणाली, "तुम्ही सरू कीं? अक्का सांगत होत्या." पवित्रा आत खाली बसून हुक लावत होती, समोर ब्लाउजांचा ढीग. मी उंबऱ्यापाशीच बसले आणि मराठीत, सरळ मराठीत म्हणाले, "त्या दिवशी बाकावर ते मी बोलले होते. माझं चुकलं. मला माफ कर."

"तेरियुम," ती तमिळमध्ये म्हणाली. माहीत आहे. सुई थांबली नाही.

मी बसून राहिले. तू शिकवलंस तशी, तोंड शिवून. दोन ब्लाउज झाले. तिसऱ्याचा दोरा तोडताना ती मराठीत बोलली. मी तिचा आवाज पहिल्यांदा मराठीत ऐकत होते आणि तो अगदी आपल्या आजीसारखा, शब्दाशेवटी जरा उचललेला.

"तुम्ही म्हटलेंत त्याचें मला कांहीं नाहीं. तुम्ही मला ओळखत नव्हतांत. अक्का ओळखत होत्या. त्या गप्प बसल्या."

मी म्हणाले, "अगं, ती गप्प बसली कारण..."

"त्यांनीं सांगितलें," ती म्हणाली. "पांच गुरुवार आल्या, तिण्णैवर बसल्या. कांहीं बोलल्या नाहींत. मीही बाहेर आलें नाहीं. सहाव्या गुरुवारीं मी बाहेर आलें, तेव्हां म्हणाल्या, 'सरू बोलली तेव्हां मी गप्प बसलें. मलाही त्या क्षणाला तसेंच वाटलें. तुला हें खोटें सांगणार नाहीं. मी जन्मभर शिकवलें आणि मलाही तसें वाटलें. त्याची मला लाज वाटते.'"

अक्का! म्हणजे तू माझं निस्तरायला जात नव्हतीस. तू तुझं निस्तरत होतीस. आणि मला सहा आठवडे तू एका शब्दानं सांगितलं नाहीस की तुलाही तसंच वाटलं होतं! मी इकडे एकटी वाईट, तू तिकडे एकटी वाईट, आणि दोघी सुंडलवालीच्या निरोपांवर संसार चालवत होतो. एकदा म्हणाली असतीस ना, सरू, माझंही मन डळमळलं होतं. मी तुला टाकून बोलले असते का? बरं, बोलले असते. दोन दिवस बोलले असते. पण मग आपण दोघी त्या तिण्णैवर शेजारी बसलो असतो. हाच तो राग. तुझ्या चांगुलपणाचा मला कधी त्रास झाला नाही, पण चुकतानाही तू माझ्यापासून लांब जाऊन चुकलीस, याचा होतो. आणि खरं सांगू, त्या उंबऱ्यावर बसून मला जरा हायसंही वाटलं. देवमाणसाची धाकटी बहीण होऊन जगणं फार अवघड असतं गं.

"मग तू काय म्हणालीस तिला?" मी विचारलं.

"सोमवारीं शाळेंत येतें म्हटलें."

"मग आली का नाहीस?"

तिनं सुई खाली ठेवली. "आलें होतें. वर्गांत जायला धीर झाला नाहीं, शाळा सुटल्यावर फाटकापाशीं उभी राहिलें. अक्का म्हणाल्या होत्या, गुरुवारचें काय, सोमवारींच येतें तुझ्याबरोबर चालायला. शेवटची बस गेली तोंवर उभी होतें. मला वाटलें, परत गप्प बसल्या. मंगळवारीं वर्गांत गेलें तेव्हां कळलें, आणि परत घरीं बसलें. बाकीच्यांना तुमचा फोन आला होता. सगळीं अक्कांच्या घरीं जाऊन आलीं होतीं. मला फोन नव्हता."

अकरा फोन, अक्का. मी अकरा फोन केले होते.

म्हातारीनं आतून पाणी आणून दिलं. मी ते पिऊन म्हणाले, "तो फोनही मीच केला नाही. वहीत तुझं नाव मी खोडलं होतं." आता एवढं सांगितलंच होतं, तर हेही सांगावं असं वाटलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. मग पुन्हा सुई उचलली.

घरी येऊन मी ट्रस्टला पत्र लिहिलं. बारा नावं, पवित्राचं पहिलं. खाली लिहिलं की आठ निवडायला मी असमर्थ आहे. द्यायचं तर बारांचं द्या, नाहीतर अक्कांचं नाव तुमच्या बोर्डावर लावू नका. त्या पोरानं वाचल्याबरोबर फोन केला. "मॅडम, मी बोर्डाला सांगून बघतो, पण खात्री देत नाही." तो वाईट नाही, तूही म्हणायचीस. त्याला वरच्यांना निकाल दाखवायचा असतो. नाही मिळाले पैसे तर दुसरं दार ठोठावीन, दहा ठोठावीन. दारं ठोठावण्यात तरी मी तुझ्यापेक्षा हुशार आहे, एवढं कबूल कर.

शुक्रवारी साडेचारला मी शाळेच्या फाटकापाशी उभी राहिले. आदल्या दिवशी निघताना तिला म्हणाले होते, मी येईन, तू आलीस तर ठीक, नाही आलीस तरी मी येईन. घंटा झाली. मुलांचा लोंढा बाहेर पडला, सायकली, धूळ, आरडाओरडा. लोंढा ओसरला. वॉचमन एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. तेव्हा ती आतून आली, दप्तर छातीशी धरून, आणि माझ्याकडे न बघता कालव्याच्या बाजूला वळली. मी बाजूनं चालायला लागले.

अर्धी वाट सरली. कालव्याला पाणी होतं, दोन बायका घागरी घेऊन चालल्या होत्या, त्यांना आधी जाऊ दिलं. मग ती मराठीत म्हणाली, समोर बघतच, "तुम्हांला अजून तसेंच वाटतें कीं?"

"कसं?"

"मी तिरुप्पूरला जाणार म्हणून."

अक्का, माझ्या जिभेवर चटकन काय आलं होतं ते तुला सांगायला नको. छे छे गं, असं कुठे, तू फार हुशार आहेस. आणि दुसरं, गप्प बसावं. दोन्ही गिळलं.

"वाटतं," मी म्हणाले. "भीती वाटते. बाबांचं दुकान बंद आहे, एजंट दोनदा येऊन गेलाय, आजी म्हातारी झाली. नाही वाटत असं सांगितलं तर खोटं होईल. पण उद्या साडेचारला मी फाटकापाशी असेन."

ती चालायची थांबली. माझ्याकडे वळून नीट बघितलं, दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"उद्यां शनिवार," ती म्हणाली. "शाळा नाहीं. सोमवारीं या."